हर्नियाचा पट्टा लावला की स्टोमाची पिशवी गळते. साडी नेसणाऱ्या बायका हे कसं जमवतात?

सुमन_वाई

नमस्कार. माझं वय ५८. फेब्रुवारी २०२१ मध्ये गुदाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं आणि डाव्या बाजूला कायमची कोलोस्टोमी आली, म्हणजे मोठ्या आतड्याचं तोंड पोटावर काढलं. त्या तोंडालाच स्टोमा म्हणतात, मळ तिथून पोटावर चिकटवलेल्या पिशवीत येतो. पिशवीची सवय व्हायला वर्ष गेलं, पण झाली. मी घरून पोळ्यांचं काम करते. रोज साडेचार-पाच किलो पिठाच्या, म्हणजे दीडशेच्या आसपास पोळ्या जातात. हे काम थांबवणं परवडणारं नाही आणि मला थांबवायचंही नाही. केमोनंतर अंथरुणातून उठवलं ते या कामानेच.

मागच्या दिवाळीच्या आधीपासून स्टोमाभोवती फुगवटा दिसायला लागला. आडवी झाले की आत जातो, उभी राहिले की येतो. संध्याकाळपर्यंत नारळाच्या वाटीएवढा होतो आणि डाव्या बाजूला ओढ लागते. सर्जननी तपासून सांगितलं, स्टोमाच्या कडेने हर्निया आहे, आतडं अडकलेलं नाही, लगेच ऑपरेशन नको. ऑपरेशन केलं तरी तो पुन्हा होऊ शकतो म्हणे. आधी पट्टा लावा आणि वजन उचलू नका. कुठला पट्टा, किती रुंद, कसा लावायचा, हे विचारायचं मला त्या वेळी सुचलं नाही.

मेडिकलमधून बाळंतिणी लावतात तसला आठ इंची पट्टा आणला. त्याला भोक नाही. पिशवीवरून आवळला तर मळ खाली उतरतच नाही, तोंडाशीच थापला जातो आणि दोन तासांत फ्लँजच्या, म्हणजे पिशवी धरणाऱ्या, कातडीला चिकटवायच्या चकतीच्या कडेने बाहेर येतो. मग कात्रीने गोल भोक पाडलं. तिसऱ्या दिवशी इलॅस्टिकचे धागे सुटले, भोक मोठं होत गेलं आणि फुगवटा त्या भोकातूनच बाहेर यायला लागला. शिवाय बसलं की पट्टा वर सरकून बरगड्यांखाली गोळा होतो. तव्यासमोर घाम येतो तो वेगळाच, पट्ट्याखाली सगळं लाल झालंय. आणि परकराची नाडी! ती तर नेमकी स्टोमावरूनच जाते.

मे महिन्यात भाचीचा साखरपुडा होता. वाढायला उभी राहिले आणि निऱ्यांना ओलं लागलं. मागच्या खोलीत जाऊन बसले ती कार्यक्रम संपेपर्यंत बाहेर आले नाही. भाची मला शोधत आली, दार वाजवलं, तरी मी उघडलं नाही. ते मनातून जात नाही. तिचं लग्न मार्गशीर्षात आहे. त्या दिवशी मला सकाळपासून रात्रीपर्यंत तिच्याजवळ उभं राहायचंय. कुणी हा पट्टा रोज लावत असेल तर अगदी बारीकसारीक सांगा.

दत्ता_निपाणी

ताई, मला अकरा वर्षं झाली, उजवीकडे इलिओस्टोमी आहे, म्हणजे लहान आतड्याचं तोंड पोटावर काढलंय. एकच गोष्ट सांगतो, ती मला चार वर्षं कुणी सांगितली नव्हती. पट्टा उभं राहून लावायचा नाही. सकाळी डोळे उघडले की अंथरुणातच लावायचा. उठून चहा घेऊन, अंघोळ करून मग लावला तर हर्निया तोवर बाहेर आलेला असतो आणि तुम्ही त्याच्यावरून आवळता. आत जायचं ते बाहेरच अडकून राहतं, दुखतं आणि पिशवी सुटते ती वेगळीच.

मी रात्री पट्टा पसरून त्याच्यावरच झोपतो, म्हणजे सकाळी शोधायला नको. उताणं, गुडघे वर घेऊन पाच-दहा मिनिटं पडायचं. फुगवटा आपोआप बसतो. बसला की पट्टा ओढून लावायचा, मग कुशीवर वळून हाताच्या आधाराने उठायचं. अंघोळ झाली की पुन्हा पाच मिनिटं आडवं. रात्री झोपताना काढून ठेवायचा, कातडीला वारा लागू द्यायचा.

माझं पातळ असतं, त्यामुळं थापलं जाण्याचा त्रास मला नाही. त्याचं दुसरं कुणीतरी सांगेल.

रेखा_डोंबिवली

सुमनताई, तुमचं ते दार न उघडणं काल रात्रभर माझ्या डोक्यात होतं. माझं असं लोकलमध्ये झालं होतं, ठाण्याहून येताना, संध्याकाळच्या गर्दीत. घरी आल्यावर ठरवलं की आपला पट्टा आपणच शिवायचा. बत्तीस वर्षं ब्लाउज शिवते आहे. कुणाच्या अंगाला काय बसेल हे ओळखणं हाच माझा धंदा, मग स्वतःच्या अंगासाठी दुकानातल्या मापावर का राहायचं? माझी कोलोस्टोमी २०१६ ची, हर्निया २०१८ पासून आहे.

आधी रुंदीचं बोलते, कारण तुमचा अर्धा त्रास तिथे आहे. खुर्चीत सरळ बसा आणि डाव्या बाजूला शेवटच्या बरगडीपासून मांडीच्या घडीपर्यंत टेप धरा. बसून मोजायचं, उभ्याने नाही. माझं १६ सेंटिमीटर भरलं. आठ इंच म्हणजे २० सेंटिमीटर. बसल्यावर तो जादाचा चार सेंटिमीटर जाणार कुठे? वरच. मी सहा इंची शिवला आणि त्या दिवसापासून पट्टा बरगडीला लागला नाही.

आता घेर. बाजारात कमरेचं माप विचारतात. आपल्याला कंबर नको, स्टोमाच्या रेषेतला घेर हवा. सकाळी आडवं असताना, फुगवटा आत गेलेला असताना, टेप पाठीखालून घ्या. मग उभं राहून तोच घेर पुन्हा मोजा. माझे ९१ आणि ९७ आले. मी ९१ धरून शिवला आणि वेल्क्रो लांब ठेवलं, म्हणजे जेवणानंतर दोन बोटं सैल करता येतो. किती आवळायचा? खोकताना आपण पोटावर तळहात ठेवतो ना, तेवढा. पट्ट्याच्या आत दोन बोटं सहज जायला हवीत आणि खोल श्वास अडता कामा नये. आवळून हर्निया मागे जात नाही, त्रास मात्र वाढतो.

भोक का मोठं झालं ते सांगते. इलॅस्टिकला भोक पाडलं की चारही बाजूंनी ताण त्या भोकावरच येतो. म्हणून माझ्या पट्ट्यात पाठ आणि उजवी बाजूच फक्त इलॅस्टिकची आहे. डावीकडचा पुढचा तुकडा, जिथे स्टोमा येतो, तो न ताणणाऱ्या जाड सुती कापडाचा दुहेरी. भोकाभोवती तीन सेंटिमीटरची कापडाची गोल चकती आतून लावली, काठाला मऊ तिरपी पट्टी दिली आणि वरून झिगझॅगच्या दोन ओळी मारल्या. दोन वर्षांत एक धागा निघालेला नाही. भोक किती मोठं? तुमच्या फ्लँजची गोल कडी त्यातून जेमतेम बाहेर यावी इतकं. पिशवी बाहेर लोंबली पाहिजे आणि फ्लँजचा चिकट भाग पट्ट्याखाली दाबून राहिला पाहिजे. त्या दाबानेच फ्लँज सुटायची थांबते. भोक मोठं झालं तर हर्निया त्यातून डोकावणार, तुम्ही पाहिलंच आहे. आणि ते पट्ट्याच्या मधोमध येईलच असं नाही, माझं मध्यापासून दोन बोटं खाली आहे. मी साडीच्या खोक्याचा पुठ्ठा कापून आधी तो पोटावर आडवं पडून ठेवला, खडूने खूण केली आणि मगच कापडाला कात्री लावली. भोकातून पिशवी बाहेर असली की रिकामी करायलाही पट्टा सोडावा लागत नाही, लग्नाच्या हॉलमध्ये याची किंमत कळते.

परकराची नाडी काढून टाका. दोन इंची मऊ इलॅस्टिक घाला आणि परकर बेंबीच्या वर, पट्ट्याच्या वरच्या काठाला धरून नेसा. निऱ्या थोड्या उजवीकडे खोचा. डावीकडे नुसता पदराचा भाग येऊ दे. सुती किंवा मऊ साडीत कुणाला काही कळत नाही. काठापदराची जड साडी असेल तर निऱ्यांचा गठ्ठा आणि पिशवी एका रेषेत येणार नाहीत एवढंच बघा.

पट्ट्याच्या आत लांब सुती बनियन घाला, त्यालाही त्याच जागी भोक आणि काठाला पट्टी. माझी बनियनं जुन्या धोतराच्या मऊ कापडाची आहेत. दुपारी एकदा बदलते. पट्टे दोन हवेत. धुताना वेल्क्रो मिटवून धुवा, नाहीतर त्यात सगळ्या घरचे धागे अडकतात. पिळू नका, सावलीत वाळवा.

आता मला एक सांगा. पोळ्या लाटताना तुम्ही ओट्याशी उभ्या असता की खाली बसता? आणि उभ्या असाल तर पोट ओट्याच्या कडेला टेकतं का?

सुमन_वाई

रेखाताई, तुमचा प्रश्न वाचला आणि उठून ओट्याशी जाऊन उभी राहिले. टेकतं. माझी उंची कमी, लाटताना जोर लावायला मी पुढे रेलते आणि ग्रॅनाइटची कड बरोबर फ्लँजच्या खालच्या काठावर येते. गळतीही नेहमी खालूनच सुरू होते. सगळा दोष मी पट्ट्याला देत होते.

स्टोमा_नर्स_नाशिक

मी स्टोमा केअरचं काम करते, रोज असे पेशंट बघते. रेखाताईंनी माप फार नीट सांगितलंय. थोडी भर घालते, आणि दोन ठिकाणी सावध करते.

स्टोमाला दुखण्याची जाणीव नसते. भोकाचा काठ त्याला घासत असेल तर तुम्हाला कळणारही नाही. म्हणून शिवलेला किंवा विकतचा, कुठलाही नवीन पट्टा पहिल्या दिवशी तासभरच लावा, काढा आणि हातआरशात स्टोमा खालच्या बाजूनेही बघा. फुगवट्यामुळे खालची बाजू वरून दिसत नाही, आरसा लागतोच. स्टोमा ओठाच्या आतल्या भागासारखा लाल, ओलसर असला पाहिजे. पांढरट रेघ, चिरल्यासारखी खूण किंवा रक्त दिसलं तर भोक चुकलंय. घरी शिवलेला पट्टा एकदा आपल्या सर्जनना किंवा स्टोमा नर्सला अंगावर लावून दाखवा.

दुसरं, हर्निया झाल्यावर स्टोमाचा आकार बदलतो. गोल होता तो लांबट होतो, उभं राहिल्यावर मोठा होतो. बरेच जण फ्लँज वर्षानुवर्षं जुन्याच मापाने कापत राहतात. आडवं आणि उभं, दोन्ही वेळा मोजा. कापलेलं भोक स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठं असू द्या. कडक, आत फुगीर असलेली फ्लँज वापरत असाल तर ती फुगवट्यावर तरंगते आणि कडा उचलतात. अंगाबरोबर वाकणारी मऊ फ्लँज मागून बघा. नवीन लावल्यावर पाच-दहा मिनिटं तळहाताची ऊब द्या, मगच पट्टा.

मळ तोंडाशी थापला जातो त्याला दोन कारणं असतात. एक, मळ घट्ट असतो. पाणी कमी पडतंय का बघा, तव्यासमोर इतका घाम जातो तर तेवढं पाणी प्यायला हवं. दोन, पिशवीच्या आत हवाच राहत नाही आणि तिच्या दोन्ही बाजू एकमेकींना चिकटतात. पिशवी लावण्याआधी तिच्यात थोडी फुंकर मारा, हवा बाहेर सोडणाऱ्या वरच्या फिल्टरवर त्याच डब्यातला छोटा स्टिकर लावा आणि आत तीन-चार थेंब तेल सोडून पिशवी बाहेरून चोळा. खोबरेल नको, थंडीत थिजतं, साधं गोडेतेल चालतं. फ्लँजवर किंवा कातडीवर मात्र तेलाचा थेंब लागू देऊ नका, काहीच चिकटणार नाही. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची, पट्टा असताना तर नक्कीच.

कातडी लाल आहे तिथे बाजारातली सुगंधी पावडर लावू नका. फ्लँजखाली ओली झाली असेल तर स्टोमाची पावडर भुरभुरून झटकून टाका. पट्ट्याखालच्या लालीला खाज किंवा बारीक पुरळ असेल तर ती घामातली बुरशी असू शकते, डॉक्टरांना दाखवा.

आणि हे घरातल्या सगळ्यांना माहीत असू द्या. फुगवटा कडक झाला, आडवं पडूनही आत जाईना, जोरात दुखायला लागलं, उलट्या होताहेत आणि पिशवीत काहीच येत नाही, किंवा स्टोमा जांभळा-काळपट दिसतोय, तर पट्टा सोडा आणि ताबडतोब दवाखान्यात जा. सकाळपर्यंत थांबायचं नाही.

पट्ट्याने हर्निया बरा होत नाही, आधार मिळतो आणि ओढ कमी होते. पाच किलोची कणीक एकदम मळू नका, किलो-किलोने मळा. परात भरल्यावर उचलू नका. मुंबईकडे जाणं होत असेल तर परळच्या टाटा मेमोरियलमध्ये स्टोमा क्लिनिक आहे, आणि ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्थाही मुंबईतच आहे. तिथे तुमच्यासारखी माणसं भेटतात, त्याचाही उपयोग होतो.

सुमन_वाई

पाच आठवड्यांनी लिहिते आहे, कारण करून बघितल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

माझी मापं: आडवं ८८, उभं ९५, बसल्यावर बरगडी ते मांडी १५. आमच्या गल्लीतल्या शिंप्याला रेखाताईंचं सगळं वाचून दाखवलं. भला माणूस, एकही प्रश्न न विचारता त्याने आधी जुन्या चादरीचा नमुना शिवून दिला. तो दोनदा बदलला, भोक बोटभर खाली आणि अर्धं बोट बाहेरच्या बाजूला घ्यावं लागलं. मग खरा पट्टा. दवाखान्यात दाखवून आले. भोकाचा खालचा काठ किंचित मोठा करायला सांगितला, तेवढाच बदल.

ओट्याची कड सोडली. मिस्टरांनी उंच स्टूल आणून दिला, त्याच्यावर बसून वेगळ्या टेबलावर लाटते, मध्ये वीतभर जागा राहते. कणीक किलोची मळते. पहिले आठ दिवस हात मंदावला, डब्यांना उशीर झाला, एकाने कुरकुरही केली. आता बसलंय. दत्तादादा, पट्टा पसरून त्यावर झोपायची तुमची पद्धत मला सगळ्यात आवडली. पहाटे साडेचारला उठते, दिवा न लावता पट्टा लागतो.

पाच आठवड्यांत एकदाच गळालं, तेही पिशवी भरून दिल्यामुळे. थापलं जाणं पूर्ण गेलेलं नाही, पण तेल आणि फुंकर यांनी पुष्कळ कमी आहे. फ्लँज आता चौथ्या दिवशी बदलते, आधी रोज बदलावी लागत होती. लाली गेली, ती घामाचीच बुरशी होती, मलमाने बरी झाली. संध्याकाळची ओढ अजून आहे, मात्र पूर्वी चार वाजता सुरू व्हायची ती आता साडेसातच्या पुढे.

लग्नाच्या साडीसाठी परकराला इलॅस्टिक घालून ठेवलंय. काल नेसून दोन तास घरात फिरले. भाची व्हिडिओ कॉलवर होती, तिला गोल फिरून दाखवलं. तिला त्या दिवशीचं सगळं सांगितलंही. ती म्हणाली, मावशी, मला वाटलं होतं तू माझ्यावर चिडलीस.

अमेय_पुणे

काकू, तुमचं वाचून हिंमत आली. माझ्या बाबांचं मूत्राशय काढलंय, उजवीकडे युरोस्टोमी (लघवीसाठी पोटावर काढलेलं तोंड) आहे आणि आता तिथे फुगवटा आहे. पट्टा लावला की पिशवी दाबली जाते. त्यांनाही असंच भोक पाडून चालेल का?

स्टोमा_नर्स_नाशिक

अमेय, त्यांना भोकाचाच पट्टा हवा. लघवी सतत येत असते, पिशवीवर दाब आला तर ती खाली उतरत नाही आणि फ्लँजखाली शिरते. पिशवीचा नळ खालच्या बाजूला मोकळा राहिला पाहिजे, पट्ट्यात दुमडता कामा नये. पण फुगवटा हर्नियाच आहे हे सर्जनकडून आधी तपासून घ्या, मग पट्टा.

सुमन_वाई

अमेय, तपासून झालं की बाबांना उद्या सकाळी उठायच्या आधी अंथरुणातच आडवं ठेवून स्टोमाच्या रेषेत घेर मोज, मग उभं करून मोज, मग खुर्चीत बसवून बरगडी ते मांडी. तिन्ही आकडे इथे लिही. शिवायला टाकायच्या आधी रेखाताई बघतील.